दारात वीतभर आलेलं टेबल

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर वाद नको. आमच्या बाहेरच्या खोलीतलं टेबल आतल्या दारात वीतभर पुढे आलेलं आहे, आणि ते तसंच राहणार आहे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या कमरेला त्याचा कोपरा लागतो. लागू दे. मलाही लागतो. बायकोने एकदा त्या कोपऱ्याला जुन्या गादीतला कापूस बांधून पाहिला, तो मी सोडून टाकला. याच टेबलावर मी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी जलसंपदा व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी मिळवली. ती कशी मिळवली हे ठाऊक नसलेले पाहुणे कंबर चोळत म्हणतात, "सुताराने फसवलेलं दिसतंय तुम्हाला." सुताराबद्दल हे वाक्य मी माझ्या घरात ऐकून घेत नाही.

शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात मी नोंदणी विभागाचा प्रमुख होतो. विभाग म्हणजे मी, एक पंखा आणि छताला टेकलेलं फायलींचं कपाट. टाकीतून किती पाणी सुटलं, लोकांच्या मीटरांतून किती गेलं आणि मधल्या मध्ये किती गायब झालं, हे वहीत लिहायचं माझं काम. एके दिवशी परिपत्रक आलं की कार्यालय एका कर्मचाऱ्याला स्वतःच्या खर्चाने उच्चशिक्षण देणार. दोन वर्षं, आठवड्यातले तीन दिवस कॉलेज आणि तीन दिवस कचेरी. तरुण अभियंत्यांनी ते मोठ्या उत्साहाने वाचायला घेतलं, पदवीनंतर पाच वर्षं नोकरी सोडता येणार नाही ही शेवटची ओळ वाचली आणि सगळे एकदम कामाला लागले. मला नोकरी सोडून जायला दुसरं ठिकाणच नव्हतं. मी अर्ज केला.

अर्जाला प्रत्येक विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र जोडायचं होतं. प्रत्येक विभागात नोंदणी विभागही आला. मी स्वतःला रीतसर पत्र लिहिलं, ते आवक वहीत चढवलं, आणि उत्तराला सात दिवसांची मुदत असते म्हणून सात दिवस थांबलो. पाचव्या दिवशी मोठ्या साहेबांनी जिन्यात गाठून विचारलं, "काय हो, तुमचा अर्ज कुठे अडकलाय?"

"नोंदणी विभागात, साहेब."

"मग जरा हलवा की त्यांना!"

"ओळखीने काम करून घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही, साहेब," मी म्हणालो. सातव्या दिवशी माझी मला काही हरकत नसल्याचं मी मला कळवलं. सगळी कचेरी आठवडाभर हसत होती. हसणाऱ्यांपैकी एकाचंही आवक वहीचं पान धड नाही, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

आता गल्लीबद्दल. आम्ही राहतो ती चढावरची गल्ली पाण्याच्या लाइनीच्या अगदी शेवटाला आहे. खालच्या शहराला पाणी सकाळ-संध्याकाळ येतं, आम्हाला फक्त सकाळी एक तास. संध्याकाळचा तास अकरा वर्षांपूर्वी बंद झाला. वहीप्रमाणे शंभरातलं वीस भाग पाणी गायब होत होतं, आणि ते चढावरचे लोक चोरतात असा कार्यालयाचा निष्कर्ष निघाला. निष्कर्ष मोठ्या साहेबांचा, आकडे माझे. त्यामुळे गल्लीत मला ‘पाणीवाले’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे. स्वतःच्याच गल्लीचं पाणी तोडणारा माणूस म्हणून मी अकरा वर्षं मान खाली घालून बादल्या भरल्या. पण आकडा म्हणजे आकडा.

मी शिकायला जाणार हे कळल्यावर तीच गल्ली सल्ला द्यायला मात्र धावून आली. शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "या वयात नवं डोक्यात राहत नाही हो. मोठ्याने वाचत जा, निदान आम्हाला तरी येईल." इस्त्रीवाल्याचं म्हणणं पडलं की शिकणाऱ्याला स्वतंत्र टेबल हवं, मांडीवर वही घेऊन शिकलेला माणूस मांडीएवढाच शिकतो. हे मला एकदम पटलं. बाहेरच्या खोलीत भिंत आणि आतलं दार यांच्यामध्ये चांगली जागा होती. टेबल बसेल तर तिथेच.

जागा मोजायला मी कचेरीतली माझी मीटरपट्टी घरी आणली. ही पट्टी लाकडी, मी नोकरीला लागलो तेव्हापासूनची. तिने मी नकाशे आखतो, वरची खिडकी ढकलतो आणि पाठ खाजवतो. इतकी वर्षं पाठ खाजवून तिच्यावरचे आकडे पार पुसले गेलेत. एकदा कपाटाचं अडकलेलं दार उघडताना तिचं टोक जरासं दुखावलं होतं, ते मी लगेच कानस मारून गुळगुळीत करून घेतलं होतं. कार्यालयाची वस्तू कशी जपावी, हे लोकांनी माझ्याकडून शिकावं.

जागा भरली बरोब्बर दोन पट्ट्या. सूतभर कमी नाही की जास्त नाही. सुतार म्हणाला, "साहेब, मी येऊन माप घेतो ना."

"मिस्त्री," मी म्हणालो, "मोजमाप हा माझा पेशा आहे. दोन मीटर. तुम्ही फक्त कापा."

टेबल आलं, आणि दारात वीतभर पुढे राहिलं. सुताराने उलटंसुलटं फिरवून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. मग तो खिशातून टेप काढायला लागला. मी त्याचा हात धरला. "तुमचंच टेबल तुमच्याच टेपने मोजणार? वा!"

"तीस वर्षं लाकूड कापतोय, साहेब. माझं माप चुकत नाही."

"मग काय भिंत आत सरकली?"

त्याने टेप खिशात घातली आणि एक शब्द न बोलता गेला. त्याचं ते गप्प जाणं म्हणजे चोरीची कबुली, असं मी धरलं. त्या आठवड्यात मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं की या माणसाला मापाचा गंध नाही. हेडमास्तरांनी त्याच्याकडे सांगितलेलं कपाट रद्द केलं, आणखी दोन घरांनी दारं रद्द केली. सल्ला देण्याची माझी पाळी होती, आणि मी ती सोडली नाही.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी फाटकावरच्या शिपायाने मला अदबीने बाजूला घेऊन सांगितलं, "पालकांची सभा उद्या आहे." माझी मुलगी त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिने घरीच अट घातली होती, "बाबा, कॅन्टीनमध्ये ओळख दाखवायची नाही." वर्गातली मुलं मला काका म्हणत आणि परीक्षेत मात्र काकांच्या पेपरात डोकावत. मी पेपर झाकून लिहिला. काका म्हटल्याने माणूस उदार होतो, हा गैरसमज मी त्यांना वेळीच दूर करून दिला.

दुसऱ्या वर्षी प्रबंध. मला मिळालेल्या मार्गदर्शक मॅडम माझ्याहून चौदा वर्षांनी लहान होत्या आणि कधी हसत नसत. मी विषय सांगितला, आमच्या शहराचं गायब पाणी. शंभरात वीस भाग.

"वीस कोणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

"वहीने."

"वहीला कोणी सांगितलं?"

"टाकीवरच्या व्हॉल्व्हमनने. तो रोज टाकीची पातळी वाचून फोन करतो."

"आणि त्याला?"

"टाकीच्या आतल्या भिंतीवर मीटरच्या खुणा रंगवल्यात, त्यांनी."

"आणि खुणांना?"

 वीस वर्षांच्या नोकरीत खुणांना कुणी विचारलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "आधी त्या मोजून या. मग बोलू."

टाकी साफसफाईसाठी रिकामी झाली त्या दिवशी मी शिडीवरून आत उतरलो. अकरा वर्षांपूर्वी या खुणा रंगाऱ्याकडून माझ्याच देखरेखीखाली रंगवून घेतल्या होत्या, त्यामुळे मला धाकधूक नव्हती. माझी मीटरपट्टी लावली. एक पट्टी, एक मीटर. दोन, दोन. पाचव्या खुणेला पाचवी पट्टी अशी चपखल बसली की व्हॉल्व्हमनने वरून टाळी वाजवली. मी मॅडमना लेखी दिलं, खुणा तंतोतंत आहेत.

खुणा बरोबर, वही बरोबर, म्हणजे चोर खरा. आता प्रबंधासाठी चोराचा पुरावा हवा होता. मी गल्लीत घरोघरी जाऊन नळ तपासायचं ठरवलं. बायको म्हणाली, "अहो, उद्या आपल्याकडे आग लागली तर कुणी तांब्याभर पाणी देणार नाही." मी म्हणालो, "अगं, हे शास्त्र आहे." हातात यादी घेऊन मी अडतीस घरांच्या मोऱ्यांत वाकून पाहिलं. हेडमास्तरांनी मला न्हाणीघरात नेलं आणि शांतपणे म्हणाले, "पाहा. साबणाच्या डबीतही पाहा. कदाचित तिथे लपवलं असेल." चोरटी जोडणी एकही सापडली नाही. गळणारा नळ सापडला एकच, आणि तो माझ्या घरात. दुसऱ्या दिवसापासून गल्ली माझ्याशी बोलेनाशी झाली. इस्त्रीवाल्याने माझा शर्ट न इस्त्री करताच परत पाठवला, घडी मात्र अगदी व्यवस्थित घातलेली.

मी खचलो नाही. मी जास्त जोरात लिहू लागलो. ‘चोरीची पद्धत अद्याप अज्ञात’ असं एक आख्खं प्रकरण लिहून काढलं.

इकडे बायकोच्या कमरेवर टेबलाच्या कोपऱ्याचे दोन काळेनिळे डाग कायमचे मुक्कामाला आले होते. एका सकाळी तिने मला न विचारता सुताराला बोलावून घेतलं. टेबल कापायला. तो करवत घेऊन आला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वहिनी," तो म्हणाला, "आधी मोजू, मग कापू."

त्याने टेप टेबलाला लावली. दोन मीटर, बरोब्बर. मग जागेला लावली. एक मीटर शहात्तर.

"साहेब," आता तो माझ्याकडे वळला, "तुम्ही कशाने मोजलं होतं?"

प्रबंधासाठी घरीच ठेवलेली मीटरपट्टी मी दिमाखात आणली. त्याने ती टेबलावर ठेवली, शेजारी टेप ओढली आणि बोट ठेवलं. अठ्ठ्याऐंशी. त्याने पट्टीचं घासलेलं टोक अंगठ्याने चाचपलं आणि पट्टी माझ्यापुढे सरकवली. 

‘जरासं दुखावलं होतं’ ते बारा सेंटिमीटर होतं.

माझी मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अभ्यास करत होती. तिने मान वर केली. "बाबा, टाकीपण तुम्ही यानेच मोजली ना?"

मी खाली बसलो. टाकी यानेच मोजली होती. आणि अकरा वर्षांपूर्वी रंगारी टेप आणायला विसरला तेव्हा मीच मोठ्या प्रेमाने ही पट्टी त्याला दिली होती. टाकीतला प्रत्येक मीटर बारा सेंटिमीटरने तोकडा होता. टाकीतून अठ्ठ्याऐंशी भाग पाणी सुटलं की व्हॉल्व्हमन शंभर वाचत होता आणि मी शंभर लिहीत होतो. गायब झालेल्या वीस भागांतले बारा भाग कुणी चोरले नव्हते. ते टाकीत कधी आलेच नव्हते. उरलेले आठ जुन्या पाइपांतून गळत होते, तसे ते कुठेही गळतात. अडतीस घरांचा संध्याकाळचा तास माझ्या पाठीच्या खाजेपायी गेला होता. मला खूप लाज वाटली. ती कशी वाटली हे विनोदाने सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही.

"मिस्त्री, चुकलो," मी म्हणालो.

"मला काय सांगताय?" सुतार म्हणाला. "जिथे जिथे माझं नाव काढलंत, तिथे सांगा."

मी परत घरोघरी गेलो. त्याच यादीने. पाण्याचंही सांगितलं आणि पट्टीही दाखवली. हेडमास्तरांनी ती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. "अकरा वर्षं," ते म्हणाले. "मग आता काय करणार आहात?"

"लिहिणार आहे," मी म्हणालो. दार माझ्या तोंडावर लावलं गेलं, पण सावकाश.

प्रबंधाचा नवा मसुदा मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये वाचला. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक चकचकीत सन्मानफलक लटकत होता, ‘पाणीपुरवठ्यात उल्लेखनीय वाढ’. खाली साल, खुणा रंगवल्या तेच. आजवर मी तो शंभरदा पाहिला असेल. वाचला त्या दिवशी.

"म्हणजे ही वाढ कसली होती?" साहेबांनी मागे न बघता विचारलं.

"रंगाची, साहेब."

"हे बघा," ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "गळतीची कारणं संमिश्र आहेत, एवढं लिहा. तुम्हाला पदवी मिळेल, पुढच्या वर्षी बढतीचं बघतो. नाहीतर ना-हरकत मिळणार नाही, आणि कार्यालयाच्या ना-हरकतीशिवाय कॉलेज प्रबंध घेत नाही. शिवाय पट्टी मोडली कुणी? नाव तुमचंच जाईल."

खरं सांगतो, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बढती हा शब्द कुणी हळू आवाजात उच्चारला की माणूस विरघळतो. मी केबिनबाहेर आलो, माझ्या पंख्याखाली बसलो आणि कॉलेजचा फॉर्म काढला. मनाशी म्हटलं, निदान नियम तरी वाचू. नियम असा होता: ज्या विभागाची माहिती प्रबंधात वापरली असेल, त्या विभागाच्या प्रमुखाची ना-हरकत जोडावी.

मी तो तीनदा वाचला. माहिती नोंदणी विभागाची होती.

स्वतःला पत्र लिहिलं, आवक नोंदलं, उत्तर लिहिलं, शिक्का मारला. या वेळी सात दिवस थांबलो नाही. सगळं मिळून चार मिनिटं लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी ओळखीने काम करून घेतलं आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

मग व्हॉल्व्हमनला हाताशी घेऊन फायलींचं कपाट सरकवलं. मागे अकरा वर्षांची धूळ होती आणि धुळीत पट्टीचा मोडलेला तुकडा. बारा सेंटिमीटर. त्याने कुणी पाठ खाजवली नव्हती, म्हणून शून्यापासून बारापर्यंतचे आकडे कालच छापल्यासारखे स्वच्छ होते.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक आले होते. मार्गदर्शक मॅडम होत्या, आणि प्रायोजक कार्यालयाचे प्रतिनिधी म्हणून मोठे साहेब पहिल्या रांगेत. मागे हेडमास्तर, इस्त्रीवाला आणि गल्लीतली दहाबारा माणसं येऊन बसली होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. शेवटच्या रांगेत माझी मुलगी. ओळख दाखवायची नाही या अटीचं काय झालं, हे मी तिला नंतरही विचारलं नाही.

परीक्षकांनी माझे तक्ते उलटून पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुमच्या कार्यालयाच्या जुन्या अहवालात इथे चोरी म्हटलंय. वीस टक्के. तुम्ही म्हणता त्यातलं आठ गळालं, आणि उरलेलं बारा चढावरच्या लोकांनी चोरलं नाही. मग या बारा टक्क्यांचं केलं कुणी काय?"

"मी केलं, सर," मी म्हणालो. पिशवीतून पट्टी काढून टेबलावर ठेवली. तिच्या घासलेल्या टोकाला तो तुकडा लावला. "ही मी मोडली. ही मी रंगाऱ्याला दिली. आणि अकरा वर्षं प्रत्येक पानावर खाली सही माझी आहे. पाणी नव्हतंच, सर. या लोकांनी काहीही घेतलेलं नाही. हे मला या सगळ्यांच्या देखत सांगायचं होतं, म्हणून मी ही पदवी करतोय."

शेवटचं वाक्य खरं नव्हतं. पदवी मी मोठेपणासाठीच सुरू केली होती. पण ते बोलता बोलता खरं झालं.

मोठे साहेब उठून काहीतरी बोलणार होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "बसा." आणि मग मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. पदवी मिळाली. परीक्षकांचा अहवाल वरच्या समितीकडे गेला, समितीने खुणा नव्याने रंगवायला लावल्या. या वेळी टेप सुताराची होती, तसा मी आग्रहच धरला. बढती मिळाली नाही. उलट माझी बदली थेट टाकीवर झाली. आता मी आणि व्हॉल्व्हमन पातळी वाचतो आणि एकमेकांवर अविश्वास दाखवून पुन्हा वाचतो. पाच वर्षं नोकरी सोडता येणार नाही, आणि मीही त्यांना सोडणार नाही. शिवाय ‘कार्यालयीन मीटरपट्टीचे नुकसान केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा’ अशी नोटीस आली. मी त्याच दिवशी खुलासा केला: मोडली आहे, मीच मोडली आहे, आणि परत देणार नाही. त्यावर अजून उत्तर नाही.

हेडमास्तरांचं कपाट सुतारानेच केलं. त्यानंतर तो आमच्याकडे करवत घेऊन आला. म्हणाला, "चला साहेब, तेवढं वीतभर उडवून टाकू. दहा मिनिटांचं काम."

"नको," मी म्हणालो. "तुमचं माप बरोबर आहे, मिस्त्री. बरोबर असलेलं मी कापू देणार नाही."

तो हसला आणि करवत पिशवीत घालून चहा घ्यायला बसला. तेवढ्यात संध्याकाळचे सहा वाजले. आतून मोरीतल्या नळाने आधी दोनदा खाकरल्यासारखा आवाज केला आणि मग धार बादलीत पडायला लागली. बायको ओरडली, "अहो, आलं!" बाहेर अडतीस घरांतून बादल्यांचे आवाज सुरू झाले. मी घाईने उठलो, टेबलाचा कोपरा नेहमीच्या जागी सणसणून लागला, आणि मी कंबर धरून, हसत, पाणी भरायला आत गेलो.